सावध राहावे, पण स्वतःचे वैरी होऊ नये

जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी कोविडसंबंधात जाहीर केलेली आणीबाणी ५ मे २०२३ रोजी मागे घेतली. आणीबाणी उठली याचा अर्थ रोग नाहीसा झाला असा नव्हे, हे संघटनेने त्याच वेळी स्पष्ट केले होते. परंतु आपल्या सोयीचे तेवढेच वाक्य ऐकण्याची सवय समाजाला असते. मुखपट्ट्या कपाटाच्या तळाशी गेल्या, हात धुण्याची घाई ओसरली आणि साथीच्या त्या तीन वर्षांचा विषय निघाला, की लोक चटकन दुसरे काही बोलू लागले. हे स्वाभाविकच होते. सतत भयाच्या छायेत राहणे कोणत्याही समाजाला परवडणारे नाही.

तथापि, या विस्मृतीत सामील होणे ज्यांना शक्यच नव्हते असा एक वर्ग आपल्यामध्ये आहे, आणि तो लहान नाही. मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून रोगप्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधे दीर्घकाळ, बहुधा जन्मभर घ्यावी लागतात. अशा माणसाला लशीचे संरक्षणही इतरांच्या मानाने कमी मिळते. कर्करोगावरील रसायनोपचार चालू असलेले रुग्ण, जुनाट दमेकरी, मधुमेहाने पोखरलेले वृद्ध आणि कोविड बरा होऊनही महिनोन् महिने थकव्यातून न सावरलेले तरुण या सर्वांच्या दृष्टीने साधा सर्दी-खोकलाही साधा राहत नाही. त्यांच्या घरची माणसेही त्यांच्याबरोबर सावध राहतात. एसटीत नाक-तोंड झाकून बसणारी एखादी गृहिणी, लग्नाच्या मांडवात अक्षता टाकून न जेवताच परतणारा एखादा निवृत्त शिक्षक आपण पाहतो, आणि बहुधा मनातल्या मनात हसतो. क्वचित उघडपणेही हसतो. ‘अजून घाबरता वाटतं?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला तो विसरायला क्षणभर पुरतो. ऐकणाऱ्याच्या मनात तो दिवसभर घर करून राहतो.

या माणसांना बाहेरून मिळणाऱ्या उपहासाविषयी थोडेफार लिहिले-बोलले गेले आहे. त्यांच्या आत चाललेल्या उपहासाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तो आहे.

दोन्ही बाजूंनी कोंडी

आजाराविषयी सावध राहणाऱ्या माणसाची कोंडी चमत्कारिक असते. भाचीच्या लग्नाला गेले, तर पुढले पाच-सहा दिवस घसा खवखवतो की काय याची चाहूल घेण्यात जातात. न गेले, तर आपण माणुसकीला पारखे झालो ही टोचणी लागते. मुखपट्टी लावावी तर चारचौघांत वेगळे दिसण्याची लाज. न लावावी तर घरच्या रुग्णाशी प्रतारणा केल्याची बोच. आणि एवढे सारे सांभाळूनही एके दिवशी ताप आलाच, तर हा माणूस तापापेक्षा स्वतःच्या चौकशीनेच अधिक बेजार होतो. कोठे चुकले? मंगळवारी त्या दुकानात इतका वेळ का थांबलो? दरवाजा उघडण्यापूर्वी मुखपट्टी का लावली नाही? अशा चौकशीत आरोपी, फिर्यादी आणि न्यायाधीश एकच असतो, आणि सुटकेचा हुकूम सहसा निघत नाही.

या आत्मताडनाच्या मुळाशी एक तार्किक चूक आहे. सावधगिरी धोका कमी करते. तो शून्यावर आणत नाही. हवेतून पसरणाऱ्या रोगाच्या बाबतीत तर आपल्या दक्षतेइतकीच शेजाऱ्याची दक्षता, खोलीतील खिडक्यांची संख्या आणि निव्वळ योगायोग यांनाही महत्त्व असते. परंतु मन सावधगिरीला परीक्षा समजते: आजारी पडलो म्हणजे नापास झालो. ज्या गोष्टीचा निकाल अर्धामुर्धाच आपल्या हाती आहे, तिची पुरी जबाबदारी स्वतःच्या माथी मारण्याचा हा प्रकार होय.

ही वृत्ती व्यक्तीच्या मनात आपोआप उगवत नाही. समाजच ती पेरतो. अमेरिकन लेखिका सुसान सोंटॅग यांना १९७०च्या दशकात स्तनाच्या कर्करोगावर उपचार घ्यावे लागले. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इलनेस ॲज मेटाफर’ या पुस्तकात त्यांनी दाखवून दिले, की क्षय आणि कर्करोग यांच्याभोवती समाज रूपकांचे जाळे विणतो आणि त्या जाळ्यात रुग्णालाच दोषी ठरवतो. आपल्याकडे तर यासाठी रूपकांचीही गरज पडली नाही. पूर्वजन्मीचे पाप, घराण्याचा दोष, न पाळलेले पथ्य अशी कारणांची तयार यादी आपल्यापाशी पिढ्यान्‌पिढ्या होतीच. कुष्ठरोग्यांना गावाबाहेर बसवणाऱ्या आणि क्षयाचे नाव उच्चारायलाही कचरणाऱ्या समाजात वाढलेले मन स्वतःच्या आजाराकडे निर्मळ दृष्टीने पाहील, ही अपेक्षाच मुळी फोल आहे.

करुणेचा रोख स्वतःकडे

या संदर्भात गेल्या दोन दशकांत मानसशास्त्रात जो एक विचार पुढे आला आहे, त्याची ओळख मराठी वाचकांनी करून घेण्यासारखी आहे. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या प्राध्यापिका क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली ‘सेल्फ-कम्पॅशन’, म्हणजे आत्मकरुणा, या संकल्पनेची शास्त्रीय मांडणी केली. पुढे मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्तोफर गर्मर यांच्या सहकार्याने त्यांनी आठ आठवड्यांचा एक शिक्षणक्रम तयार केला. ‘माइंडफुल सेल्फ-कम्पॅशन’ हे त्याचे नाव. ‘सजग आत्मकरुणा’ असे आपण त्याला म्हणू. या शिक्षणक्रमाच्या पहिल्या नियंत्रित चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले.

नेफ यांच्या मते आत्मकरुणेची तीन अंगे आहेत. पहिले, दुःखाच्या वा अपयशाच्या प्रसंगी स्वतःला फटकारण्याऐवजी जिवलग मित्राशी वागावे तसे स्वतःशी वागणे. दुसरे, हे दुःख माझ्या एकट्याच्याच वाट्याला आले आहे या समजाऐवजी ते मनुष्यमात्राच्या वाट्याला येणारे आहे ही जाणीव ठेवणे. आणि तिसरे, वेदनेकडे पाठ न फिरवता, पण तिच्यात वाहूनही न जाता तिच्याकडे स्थिर नजरेने पाहणे. यातले शेवटचे अंग म्हणजे सजगता. त्यावाचून पहिली दोन निभावत नाहीत. कारण जे दुःख आपण पाहिलेच नाही, त्याच्यावर फुंकर तरी कोठे घालणार?

यात अनोळखी असे काय आहे, असे कोणी विचारील, आणि ते विचारणे वावगे ठरणार नाही. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा ही चतुष्टयी पतंजलींच्या योगसूत्रांत आहे आणि बौद्धांच्या ब्रह्मविहारांतही आहे. पाचव्या शतकातील बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात मैत्रीभावनेचा आरंभ स्वतःपासून करावा असे सांगितले आहे. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात तणावनिवारणासाठी सजगतेचे वर्ग सुरू केले, तेव्हा त्यांनीही याच पौर्वात्य परंपरेकडून उसनवारी केली होती. आपल्या इगतपुरीला सत्यनारायण गोयंका यांचे विपश्यना केंद्र १९७६पासून आहे; तेथील दहा दिवसांच्या शिबिराची सांगता मंगलमैत्रीने होते. आणि अगदी घरचे उदाहरण घ्यायचे, तर समर्थ रामदासांनी मनाला दोनशे पाच श्लोकांचा उपदेश केला. प्रसंगी त्याचे कानही उपटले. परंतु त्याला हाक मारली ती ‘सज्जन’ म्हणून. ज्याला सुधारायचे, त्याला आधी सज्जन मानावे लागते, हे मर्म ते जाणून होते. श्लोक आपण पाठ केले. संबोधनाकडे मात्र आपले लक्ष गेले नाही.

हा लाड की शिस्त?

आत्मकरुणेवर घेतला जाणारा पहिला आक्षेप ठरलेला आहे: स्वतःला असे गोंजारत बसले, तर माणूस ढिला पडणार नाही काय? ‘छडी लागे छमछम’ या न्यायाने वाढलेल्या आपल्या पिढ्यांना हा प्रश्न पडणे साहजिक आहे. पथ्य पाळायचे तर मनाला धाक हवाच, ही आपली श्रद्धा आहे.

या श्रद्धेची कसोटी पाहणारा एक प्रयोग न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे झाला. मधुमेहाच्या ६३ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गटांत विभागण्यात आले. एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर आत्मकरुणेचा आठ आठवड्यांचा शिक्षणक्रम देण्यात आला. दुसऱ्याला तो तूर्त देण्यात आला नाही. २०१६ साली ‘डायबिटीस केअर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटातील रुग्णांची खिन्नता आणि मधुमेहाविषयीची चिंता कमी झाली. एवढेच नव्हे, तर त्यांच्या रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा ‘एचबीए१सी’ हा अंकही जवळजवळ एका टक्क्याने उतरला. हा उतार वैद्यकदृष्ट्या लक्षणीय मानला जातो. प्रयोग लहान होता आणि एका प्रयोगावरून सिद्धांत मांडू नये हे खरे. परंतु मायेने माणूस बेफिकीर होतो, या समजाला त्याने दुजोरा दिला नाही, हे तरी मान्य करावेच लागेल.

असे का व्हावे, हे ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. सणावाराला दोन पुरणपोळ्या अधिक खाल्ल्या, की रुग्ण पुढले पंधरा दिवस साखर तपासायलाच जात नाही. कागदावरचा आकडा त्याला रोगाची खबर वाटत नाही, तो चारित्र्यावरचा शेरा वाटतो; आणि डॉक्टर रागावतील या भीतीपेक्षाही आपणच आपल्याला काय काय बोलू, या भीतीने तो तपासणी टाळतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यांपैकी किती जण केवळ स्वतःच्या बोलण्याला भिऊन तपासणी लांबणीवर टाकत असतील, याचा हिशेब कोणत्याही पाहणीत सापडत नाही. लाज माणसाला डॉक्टरकडे नेत नाही. ती त्याला डॉक्टरपासून लपवते.

दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या कोविडच्या बाबतीत तर स्वतःवरील कठोरपणाचा जाच थेट शरीराला होतो. या रुग्णांपैकी अनेकांना थोड्याशा श्रमानंतर, बहुधा एका-दोन दिवसांनी, अंथरूण धरायला लावणारी ग्लानी येते. अशांना ‘जरा हिंमत धर, चालायला लाग’ असे सांगणे हिताचे नसते. याच प्रकारचे लक्षण असलेल्या दीर्घ थकव्याच्या विकारात पायरीपायरीने व्यायाम वाढवत नेण्याचा जुना सल्ला ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २०२१ साली मागे घेतला. आपल्या शक्तीचा अंदाज घेऊन, ती संपण्यापूर्वीच थांबणे हे येथे पथ्य होय. आणि जो स्वतःला आळशी म्हणून हिणवत असतो, त्याला थांबणे जमत नाही.

भय कोठे संपते?

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. प्रत्येक सावधगिरी शहाणपणाची असते असे नाही. दिवसातून पंचवीस वेळा बोट ऑक्सिमीटरमध्ये घालणारा माणूस सावध नसतो. तो भयाचा बंदा झालेला असतो. प्रत्येक तपासणीने त्याला घटकाभर दिलासा मिळतो, आणि तो ओसरला की संशय अधिक जोराने परततो. या भीतीला ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावणेही बरे नाही. आजाराच्या भयाने पछाडलेल्या लोकांचे मृत्युप्रमाण इतरांपेक्षा अधिक असल्याचे स्वीडनमधील एका मोठ्या अभ्यासात २०२३ साली आढळून आले. त्यात आत्महत्यांचाही वाटा होता. ज्याचे भय रोजच्या जगण्यावर स्वार झाले आहे, त्याने मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. त्यात कमीपणा नाही.

सावधगिरी आणि भय यांतील भेद ओळखण्याची एक खूण आहे. सावधगिरीला माप असते आणि शेवटही असतो. दवाखान्यात आणि गर्दीच्या बसमध्ये घट्ट बसणारी मुखपट्टी लावायची, पाहुणे आले की खिडक्या उघडायच्या, डॉक्टरांच्या सल्ल्याने लशी घ्यायच्या, दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्यायची, असे नियम शांत मनाने, आपली प्रकृती आणि आपला परिसर पाहून एकदा ठरवता येतात. दर काही महिन्यांनी त्यांचा फेरविचारही करता येतो. नियम पाळला, की त्या दिवसापुरते कर्तव्य संपले. भयाचे कर्तव्य मात्र कधीच संपत नाही. ते प्रत्येक शिंकेबरोबर नवा नियम मागते.

आत्मकरुणेचे शिक्षण उपयोगी पडते ते नेमके येथे. त्यातील एक साधी रीत अशी: मन धास्तावले, की क्षणभर थांबायचे आणि ‘या क्षणी मला भीती वाटते आहे’ एवढे मनाशी कबूल करायचे. मग, असे भय वाटणारा मी जगात एकटा नाही, याची आठवण करायची. वाटल्यास छातीवर हात ठेवायचा. आणि हीच भीती घेऊन एखादा जुना मित्र आपल्याकडे आला असता, तर आपण त्याला काय म्हटले असते, ते स्वतःला म्हणायचे. मित्राला आपण ‘तू मूर्ख आहेस’ असे म्हणणार नाही. तसेच ‘काही होत नाही, जा गर्दीत’ असेही म्हणणार नाही. ‘तुझी काळजी खरी आहे, करायचे ते तू केले आहेस, आता जरा बैस’ असे म्हणू. या तीन वाक्यांत सावधगिरीही शाबूत राहते आणि सावध राहणारा माणूसही.

हे शिक्षण सर्वांना आरंभापासून सुखदच वाटते असे मात्र नाही. आग लागलेल्या बंद खोलीचे दार एकाएकी उघडले, तर आत शिरणाऱ्या हवेने ज्वाळा उसळतात. त्याचप्रमाणे वर्षानुवर्षे मायेला पारखे झालेल्या मनाशी मायेने बोलू लागले, की जुनी दुःखे उफाळून येतात, असा इशारा हे शिक्षक स्वतःच देतात. ज्यांच्या वाट्याला मोठे आघात आले आहेत, त्यांनी जाणत्याच्या सोबतीनेच ही वाट धरावी. २०२१ साली लिहिलेल्या पुस्तकात नेफ यांनी करुणेच्या दुसऱ्या, करारी रूपावरही भर दिला आहे. मूल रस्त्यावर धावले, की आई त्याचा दंड धरून मागे ओढते, तीही करुणाच. ‘क्षमा करा, बंद खोलीतील बैठकीला मी येऊ शकणार नाही’ असे ताठ मानेने, न ओशाळता सांगणे हा त्याच करुणेचा आविष्कार होय.

समाजाचे देणे

परंतु येथेच थांबलो, तर एका अन्यायाला आपण हातभार लावल्यासारखे होईल. मनःशांतीच्या साऱ्या शास्त्रांना एक खोड असते: ती दुःखाचा सारा हिशेब दुःखिताच्याच खात्यावर मांडतात. कोंदट बाह्यरुग्ण विभागात तीन तास रांगेत उभ्या असलेल्या रुग्णाला आत्मकरुणेचे धडे द्यायचे आणि त्या विभागाच्या भिंतीत एक खिडकी मात्र पाडायची नाही, हे शहाणपणाचे लक्षण नव्हे. कर्मचारी राज्य विम्याच्या छत्राखालील कामगाराला आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के लाभ मिळू शकतो. बांधकामावरच्या बिगाऱ्याला आणि घरकाम करणाऱ्या बाईला एका दिवसाच्या तापाचीही किंमत पूर्ण मजुरीने मोजावी लागते. ती खोकत कामावर येते, ते बेफिकिरीने नव्हे. तिला दोष देणे सोपे आहे. तिला भरपगारी रजा देणे आपल्या हाती असूनही आपल्याला सुचत नाही.

जगातील क्षयरुग्णांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश भारतात आहेत. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. रुग्णाच्या पोषणासाठी २०१८पासून दरमहा ५०० रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४पासून १००० रुपये झाले. ही व्यवस्था मोलाची आहे. परंतु नाका-तोंडावर पट्टी बांधलेला तरुण दिसला की त्याच्यापासून चार हात दूर सरकणारे आपण आहोत, तोवर त्याला ती पट्टी खिशात घालून हिंडण्याचाच मोह होणार, आणि त्यात त्याच्यापेक्षा आपलेच नुकसान अधिक. हवेतून पसरणाऱ्या रोगांनी एक गोष्ट आपल्याला पुनःपुन्हा शिकवली आहे: आपण सारे एकाच हवेत श्वास घेतो. नेफ ज्याला मनुष्यमात्राची समाईक जाणीव म्हणतात, ती या दृष्टीने तत्त्वज्ञानाची बाब नसून आरोग्यशास्त्राची बाब ठरते.

म्हणून सावध राहणाऱ्यांना सांगायचे ते एवढेच, की आपली सावधगिरी हा गुन्हा नाही आणि तीतून निसटलेला एखादा क्षण हाही गुन्हा नाही. नियम ठरवावेत, ते पाळावेत, आणि पाळूनही ताप आला तर पांघरूण घेऊन पडावे; न्यायालय भरवू नये. आणि ज्यांना निसर्गाने धडधाकट ठेवले आहे त्या बाकीच्यांनी, पुढच्या वेळी एसटीत मुखपट्टी लावलेली बाई शेजारी आली, तर ‘अजून घाबरता वाटतं?’ असे विचारण्याऐवजी मुकाट्याने आपल्या बाजूची काच उघडावी. एवढ्याने रोगराई हटणार नाही. पण त्या बाईला स्वतःशी मायेने वागणे त्या प्रवासापुरते तरी थोडे सोपे जाईल.